वरून बंद आडोसा

होडीवर आडोसा बांधून मागणाऱ्या प्रत्येक शिकाऱ्याला मी आधी एकच विचारत असे, होडी उभी कुठं करणार?

लोक हसायचे. त्यांना वाटायचं, चार बोरू आणि दोन चटया बांधल्या की आडोसा झाला. पण रानबदक वरून बघतं. आमच्या दलदलीत एका वळणावरचा बोरू पिवळा असतो, तर पुढच्या वळणावर खारं पाणी चढलं असलं की तोच राखाडी पडतो. पिवळ्यात राखाडी होडी उभी केलीत तर बदकं दोन घिरट्या घालतात आणि निघून जातात. म्हणून जिथं दडायचं तिथलाच बोरू कापायचा. त्याच्या जुड्या होडीच्या दोन्ही कडांना उभ्या बांधायच्या, त्यांवर तिथल्याच पाणकणसाची पाती सोडायची आणि डोकं मोकळं ठेवायचं. बदक डोक्यावर आलं की उभं राहून बार काढता आला पाहिजे. माझ्या बापानं मला हे शिकवलं. माझ्या गाठी मारायची रीतही त्याचीच. चिबायिश गावापासून पुढच्या सगळ्या वस्त्यांत त्या गाठी बघून लोक सांगत, हा मुतशरचा आडोसा.

त्या हिवाळ्यात एका सोमवारी संध्याकाळी बसऱ्याहून तिघं आले. त्यांतल्या थोरल्याला अबू नुमान म्हणत. वय पन्नाशीचं, दाढी कोरलेली, हातात जपमाळ. बरोबर दोन तरणे पुतणे होते. माझ्या बायकोनं, वबरियानं, मासे भाजले, तांदळाच्या भाकरी थापल्या. तिघं पोटभर जेवले. पुतणे अवाक्षर बोलले नाहीत.

चहा झाल्यावर अबू नुमान म्हणाला, "उस्ताद, तिघं बसतील असा आडोसा हवा. शुक्रवारी पहाटे न्यायला येतो."

"होईल. होडी कुठं उभी करणार?"

"रिशादीच्या तोंडाशी."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. रिशादी म्हणजे आमच्या वस्त्यांतून बाजाराकडे जाणारी पाणवाट. "अहो, तिथं दिवसभर मोटारीच्या होड्या फटफटत असतात. बदक सोडा, तिथं तुम्हाला फार तर म्हशीचं शेपूट दिसेल."

कुणी हसलं नाही.

"आम्हाला जागा आवडलीय," अबू नुमान म्हणाला. "आणि वरून बंद कर. फट इथं ठेव." त्यानं बसल्या बसल्या गुडघ्याच्या उंचीवर हात आडवा धरला. "डावीकडं. हातभर लांब."

"एवढी खाली? बदक काय..."

"आम्ही बसून मारतो."

"बसून तर चांदव्यासारखं सुस्त पाखरूसुद्धा मरायचं नाही, अबू नुमान."

त्यानं जपमाळ मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. आवाज अजिबात चढवला नाही. "उस्ताद, आत्ताच तुझ्या घरचं मीठ खाल्लंय. आम्हाला तुझ्याशी वाईट वागायला लावू नकोस."

ते गेले. दिवा तसाच जळत होता आणि मी मोजत बसलो, रिशादीच्या तोंडाशी सूर्य उगवताना रोज कोण जातं. फार मोजावं लागलं नाही. सैहूद आणि त्याची बायको तिस्वाहिन. वस्त्यावस्त्यांवरून म्हशीच्या दुधाची साय गोळा करून ती दोघं बाजारात नेत. सैहूद मागं मोटारीवर असे आणि तिस्वाहिन पुढं परातींजवळ. सैहूदच्या धाकट्या भावानं चार वर्षांपूर्वी शहरात भांडणात एकाला भोसकलं होतं आणि तो देश सोडून पळाला होता. दोन्हीकडची माणसं समेटाला बसली, पण मेलेल्याच्या घरच्यांनी कॉफीला हात लावला नाही, म्हणजे बदल्याचा हक्क सोडला नाही. उठून गेले. तेव्हापासून सगळे सैहूदला सांगत होते, वाट बदल, वेळ बदल. तो म्हणायचा, "माझ्यासारख्या सायवाल्याला मारून त्यांना काय मिळणार? कपडे तेवढे तेलकट होतील."

मंगळवारी मी माझी मोठी होडी काठावर ओढून कामाला लागलो. वबरिया बोरू सोलून देत होती.

"वर छप्पर कशाला?" तिनं विचारलं. "बदकांना ऊन लागतं का?"

मी गाठ आवळत राहिलो. मग तिला फट दिसली. तिनं फटीतून हात घातला, वाकून डोळा लावला आणि सरळ झाली.

"ही कुठं उभी राहणार?"

"रिशादीला."

तिच्या हातातला कोयता खाली आला. "तिस्वाहिन रोज तिथून जाते."

"सैहूदही जातो."

"मग उठा. जा आणि सांगा त्यांना."

"पाहुणे आहेत, वबरिया. आपल्या ताटात जेवले. आणि समजा, खरंच शिकारीच असले तर? सैहूदचे भाऊबंद बंदुका घेऊन निघतील, कुणीतरी मरेल, आणि ते माझ्या तोंडामुळं."

"आणि नाही सांगितलंत तर तुमच्या हातामुळं. मी जाते."

ती उठून वल्ह्याकडे वळली तेव्हा मी जे बोललो ते मला आजही आठवायला नको वाटतं. "गेलीस तर या दारात परत पाय ठेवू नकोस," मी म्हणालो.  तिनं वल्हं जागेवर ठेवलं आणि चुलीकडे गेली. त्या दिवसापासून तिनं बोरूच्या एका काडीलाही हात लावला नाही.

मी माझ्यापुरती एक वाट शोधली होती. रिशादीच्या तोंडाचा बोरू पिवळाधमक. मी तिथं गेलोच नाही. दक्षिणेच्या खाऱ्या अंगाला गेलो आणि राखाडी, काळपट ठिपक्यांचा बोरू कापून आणला. शहरातल्या माणसाला बोरू तो बोरू. पण दलदलीत जन्मलेल्या सैहूदला पिवळ्या भिंतीत तो राखाडी डाग लांबूनच दिसेल आणि तो होडी वळवेल. पाहुण्यांचा विश्वास मोडला नाही, सैहूदचा जीव वाचला. या हुशारीवर मी इतका खूश होतो की मंगळवारी रात्री मला झोपही लागली.

बुधवारी दुपारी सैहूदचीच होडी माझ्या बेटाला लागली. वबरिया म्हशींसाठी चारा कापायला गेली होती. तिस्वाहिन होडीतूनच ओरडली, "अबू रसमिया, बायकोला कुठं विकलंत?" रसमियाचा बाप म्हणून ही हाक; रसमिया माझी मुलगी, लग्न होऊन अमाराला गेलेली. तिस्वाहिननं सायीची वाटी माझ्या हातात दिली. "ही तिची. तुम्ही बोट घालू नका."

सैहूद मात्र आडोशाकडे बघत होता. "हा कुणाचा राजवाडा, मुतशर?"

"बसऱ्याच्या शिकाऱ्यांचा."

"वरून बंद? मग बदकं पोहत येऊन सलाम करणार की काय त्यांना?" तो खदखदून हसला. "शहरातली अक्कल! घे बाबा, बांध. अशांमुळंच आपलं पोट भरतं."

मीही हसलो. एक वाक्य पुरलं असतं. हातात सायीची वाटी होती, ती मी दुसऱ्या हातानं झाकली. मोटार सुरू झाली. जाताना तिस्वाहिननं हात हलवला.

शुक्रवारी उजाडायच्या आधी तिघं आले. पुतण्यांनी आडोशाची होडी आपल्या होडीमागं बांधून घेतली. अबू नुमाननं बोरूकडे ढुंकूनही बघितलं नाही. खरी बदकं भुलून खाली उतरावीत म्हणून पाण्यावर सोडायची लाकडी बदकं नेणार का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "राहू दे." एका पुतण्यानं मांडीवर काडतुसं घेतली होती. बदकांना बारीक छर्रा लागतो. ही मोठ्या छर्‍याची होती, रानडुकराची.

ते गेल्यावर मी माझी लहान होडी सोडली. वबरिया दारात उभी होती. 

वाटेत धुकं लागलं. आधी पाण्यावर गुडघाभर, मग छातीएवढं, आणि रिशादीजवळ पोचलो तेव्हा मला माझ्याच होडीचं टोक दिसेना. हळूहळू उजाडलं, पण त्या उजेडाला रंग नव्हता. पिवळा बोरू, राखाडी बोरू, पाणी, आभाळ, सगळं एकाच मळक्या कापडाचं झालं होतं. मी हात लांबवून शेजारचं एक पान ओढलं आणि डोळ्यांजवळ धरलं. ते कुठल्या रंगाचं आहे ते मला सांगता आलं नाही.

समोर कुठंतरी एक माणूस दबक्या आवाजात खोकला. मग सगळं गप्प झालं. बेडूकसुद्धा ओरडत नव्हते. आणि त्या शांततेत उत्तरेकडून सैहूदच्या मोटारीची फटफट आली.

आवाज वाढत गेला. मी वल्हं उचललं आणि होडीच्या कडेवर बडवायला लागलो. माझ्या तोंडून निघालं, "सैहूद! माघारी फिर! सैहूद, फिर माघारी!"

त्यानं काय करावं? मोटार बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून. आणि धुक्यातून त्याचा आवाज आला, "कोण? मुतशर? काय झालं रे?"

त्या आवाजाच्या रोखानं तीन बार झाले. लांबवर हजारो बदकं एकदम उठली, पंखांचा तो घोंगावणारा आवाज डोक्यावरून गेला आणि विरला. मग ताडताड वल्ही मारत कुणीतरी पळाल्याचा आवाज. मग सैहूद. तो ओरडत नव्हता. कुणाला तरी झोपेतून उठवावं तसं म्हणत होता, "तिस्वाहिन. अगं. अगं, ऊठ ना."

मी त्यांच्या होडीपर्यंत पोचलो तेव्हा ती परातींवर आडवी पडली होती. मी वल्हवत त्यांची होडी दवाखान्यापर्यंत ओढत नेली. मोटार चालवायचं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. तिथल्या डॉक्टरनं फक्त चादर वर ओढली.

सातव्या दिवशी शेखच्या मुधीफमध्ये, बोरूच्या त्या मोठ्या पाहुणेघरात, दोन्हीकडची माणसं बसली. मधे निवाडा करायला सय्यद धारी होते. ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांनी कमी दिसणारे. आडोशाची होडी बाहेर काठावर आणून ठेवली होती. पळताना तिघांनी तिचं छप्पर उखडून पाण्यात टाकलं होतं आणि डावी भिंत फाडून काढली होती. आता ती कुठल्याही बदकाच्या आडोशासारखी दिसत होती.

आदल्या दिवशी अबू नुमानकडचा एक माणूस माझ्याकडे येऊन गेला होता. अगदी गोड बोलला. "तू रोजच्यासारखा आडोसा बांधलास, एवढंच सांग. हाक मारलीस ती धुक्यात होड्या आपटू नयेत म्हणून. खोटं काही नाही त्यात. तुझ्यावरही काही येणार नाही, उस्ताद."

बैठकीत त्यांनी तेच मांडलं. पोरं शिकारीला गेली होती, धुक्यात बदकांवर बार काढला, बाई मधे आली. अल्लाची मर्जी. बाईवर जाणूनबुजून कोण बंदूक उचलतं? आमच्या सात पिढ्यांत झालं नाही. सैहूदकडचे लोकही माना खाली घालून ऐकत होते. अपघात म्हटलं की पुढचे खून टळतात, हे सगळ्यांना कळत होतं.

सय्यद धारींनी माझ्या दिशेनं तोंड केलं. "मुतशर, गाठी तुझ्या आहेत म्हणतात."

"माझ्याच, सय्यद."

"मग तू सांग. कसा होता आडोसा?"

अबू नुमान माझ्या समोर बसला होता. जपमाळ चालू होती. मी सैहूदकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. माझ्याकडून त्याला काहीच अपेक्षा नव्हती, आणि तेच मला सोसवेना.

"वरून बंद होता," मी म्हणालो. "फट गुडघ्याला होती, डावीकडं, पाणवाटेच्या बाजूला. काडतुसं डुकराची होती. आणि रिशादीच्या तोंडाशी आजवर कुणी बदक मारलेलं नाही."

मुधीफमध्ये एकदम गलका झाला. सय्यदांनी काठी आपटली. गलका थांबल्यावर सैहूदनं मान वर केली.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी संध्याकाळी."

"मी तुझ्या दारात आलो तो बुधवार होता."

"हो."

"मी हसलो. तूही हसलास."

"हो."

"तिनं तुला साय दिली."

 मी नुसती मान हलवली. तो उठला नाही, अंगावर आला नाही. उठला असता तर बरं झालं असतं. तो शेजारच्या माणसाला एवढंच म्हणाला, "मला बाहेर घेऊन चला."

निवाडा लागायला संध्याकाळ झाली. अबू नुमानच्या लोकांना खून कबूल करावा लागला आणि त्या तिघांची घरं आपल्या मुलखातून उठली. माझंही उठलं. सात वर्षं दलदलीच्या मुलखात राहायचं नाही. सय्यद म्हणाले, "तू खरं बोललास म्हणून सात. गप्प राहिला असतास आणि मला मागून कळलं असतं, तर तुझी नातवंडंही परतली नसती."

आमचं बोरूचं घर उतरवायला अर्धा दिवस लागला. कमानी मोडल्या, चटया गुंडाळल्या. वबरिया गाठोडं बांधत होती. मला वाटलं, आता तरी दोन शब्द बोलेल. बोलली. "मुधीफमध्ये बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली. "मंगळवारी बोलायचं होतं." आणि गाठोडं उचलून होडीत गेली.

आम्ही कुत शहराच्या पलीकडे एका वीटभट्टीवर राहायला आलो. मी माती मळतो. इथं जमीन इतकी कोरडी आहे की पहिल्या उन्हाळ्यात वबरियाच्या टाचांना भेगा पडून रक्त यायचं, आणि ती भांड्यात पाणी घेऊन त्यात पाय सोडून तासन्‌तास बसायची. तक्रार कधी केली नाही.

चौथ्या वर्षी, याच मार्चमध्ये, विटा न्यायला आलेल्या एका ट्रकवाल्यानं सैहूदचा निरोप आणला. सैहूदनं सय्यदांना सांगितलं होतं, वबरियाची काही चूक नव्हती, तिला येऊ द्या. माझ्याबद्दल काही निरोप आहे का, मी विचारलं. ट्रकवाला म्हणाला, "तुझं नाव त्यानं घेतलं नाही, चाचा."

 तिसऱ्या दिवशी वबरियानं माझे सगळे कपडे धुतले, फाटलेले शिवले, पंधरा दिवसांच्या भाकरी वाळवून डब्यात भरल्या आणि डबा कुठं ठेवलाय ते मला दाखवलं.

मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. चिबायिशकडे जाणारी गाडी आली. चढताना तिनं माझा हात धरला, कारण पायरी उंच होती. वर गेल्यावर सोडला.