घुंगराच्या काठीची भीती

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, आणि आधीच कबूल करते की मी भित्री आहे. माझ्या मुठीखाली चामड्याच्या वादीत सहा घुंगरं बांधलेली आहेत. वाघाला लांबूनच माणसाची चाहूल लागावी आणि त्याने वाट सोडावी, एवढ्यासाठी. वाघाला दूर ठेवणाऱ्या काठीनेच भ्यावं, याचं तुम्हाला हसू येईल. हसा, पण माझी सगळी हकीगत ऐकल्यावर हसा.

माझा जन्म कुरखेड्याच्या पुढच्या जंगलातला. लालसू नावाच्या गुराख्याने मला भरीव बांबूच्या बेटातून तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं, तेल पाजलं आणि चार महिने चुलीच्या धुरावर टांगून ठेवलं. घुंगरं त्याच्या म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यातली होती. बैल गेला, पण त्याने ती टाकून दिली नाहीत. लालसूच्या गावच्या शाळेत गुणवंतराव नावाचे नवे गुरुजी आले होते. ते शेजारच्या गावात राहायचे आणि रोज तीन किलोमीटर जंगलातून एकटे चालत यायचे. लालसूने मला त्यांच्या हातात दिलं.

"गुरुजी, हे वाजवत येत जा," तो म्हणाला. "आमच्या पोरायले मास्तर पाह्यजे."

ते माझे सुखाचे दिवस होते. माझा आवाज ऐकला की शाळेतली पोरं गोट्या खिशात कोंबून ओळीत बसायची. संध्याकाळी मी गावाच्या वळणावर वाजले की गुरुजींच्या पत्नी, इंदुताई, चुलीवर चहाचं आधण ठेवायच्या. गुरुजी दारात पोचेपर्यंत चहा तयार. बायका म्हणायच्या, इंदुबाईच्या घरी घड्याळाची गरजच नाही.

एकदा खरोखरच वाघ भेटला. पायवाटेच्या कडेला, पळसाच्या झुडपाआड बसलेला होता. गुरुजी थांबले. मी मात्र वाजत राहिले, छुनछुन छुनछुन, न थांबता. वाघ उठला, आळस दिला आणि निघून गेला. गावभर माझं कौतुक झालं. लालसूने मला हळदीचं बोट लावलं. खरं सांगू का? मी शौर्याने वाजलेच नव्हते. गुरुजींचा हात थरथरत होता म्हणून मी वाजत होते.

पुढे गुरुजी निवृत्त झाले आणि नागभीडला घर केलं. डांबरी रस्ता, स्कूटर, चौकात किराणा. तिथे माझं काय काम? आठ वर्षं मी दारामागे उभी होते. सोबतीला मोडकी छत्री आणि झिजलेला खराटा. घुंगरांवर हिरवा कीट चढला. माझी कोणाला आठवण नव्हती, आणि मलाही वाईट वाटायचं ते हळूहळू बंद झालं.

मग गुरुजींचा गुडघा गेला. त्याच सुमारास काचबिंदूने इंदुताईंची नजर गेली. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. एक दिवस त्यांनीच चाचपडत मला बाहेर काढलं, चिंचेने घासून घुंगरं लखलखीत केली आणि मला गुरुजींच्या हातात दिलं.

"हे घेऊनच हिंडत जा," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठी आहा ते मले समजते."

त्या दिवसापासून माझं काम बदललं. मी न्हाणीकडे वाजले की त्यांना कळायचं, अंगणात वाजले की कळायचं. मी बराच वेळ गप्प राहिले, तर त्या हातातलं काम टाकून हाक मारायच्या. वाघापेक्षा हे काम अवघड होतं. वाघ एकदाच भेटला होता.

त्यांचा मुलगा प्रणित पुण्याला असतो. तो फोनवर रोज तेच बोलायचा. "बाबा, आईला दिसत नाही, तुम्हाला चालवत नाही. तुमच्यातलं कोणी पडलं तर उचलणार कोण? मला इथे धड जेवण जात नाही." भीती काही मला एकटीलाच नव्हती. शेवटी त्यानेच एक जागा शोधली. नागभीडपासून तासाभराच्या अंतरावर एक मोठा जुना तलाव आहे. त्याच्या काठावर म्हाताऱ्या माणसांसाठी बारा टुमदार कॉटेजेस बांधल्या आहेत. समोर कमळं, मागे सागाचं रान, जेवण आयतं, डॉक्टर आठवड्याला. तीन दिवस राहून पाहायचं आणि रविवारी संध्याकाळी हो की नाही ते कळवायचं. नाहीतर ती कॉटेज दुसऱ्या कोणाला जाणार होती.

आम्ही शुक्रवारी पोचलो. जागा सुंदर होती, उगाच नावं ठेवणार नाही. पण इतकी शांत की मला आपलाच आवाज उद्धट वाटायला लागला. पहिल्याच सकाळी तिथली व्यवस्था बघणाऱ्या रीता मॅडम आल्या.

"सर, राग मानू नका," त्या अवघडून म्हणाल्या. "ह्या घुंगराचं काही करता येते का? इथी सगळे शांततेसाठी आले आहे. बाजूच्या रुखमाबाईंनी तक्रार केली."

गुरुजी जन्मभर नियम शिकवत आलेले. ते लगेच ओशाळले. "बरोबर आहे, बरोबर आहे," म्हणत त्यांनी खिशातून हातरुमाल काढला. गाठ मारायला त्यांची बोटं वळेनात, म्हणून रुमाल इंदुताईंनी बांधला. धानाच्या पेंढीला मारतात तशी गाठ त्यांनी मारली. ही गाठ ओढली की आणखी आवळते. माहेरी शेतात शिकलेली गाठ होती ती. मला अंधारात कोंडल्यासारखं झालं. गुरुजी मला कितीही आपटत चालले तरी आतून नुसती खसखस व्हायची.

"दोन दिवसाचा तर प्रश्न आहे," इंदुताई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी गुरुजींचा सदरा धरूनच वावर केला.

रविवारी दुपारी जेवून इंदुताईंचा डोळा लागला. चारच्या सुमारास गुरुजींनी मला उचललं. होकार द्यायचं त्यांच्या मनात जवळजवळ ठरलं होतं, एकदा तलाव नीट बघून घ्यावा म्हणून ते निघाले. झोपमोड नको म्हणून त्यांनी इंदुताईंना सांगितलं नाही. फाटकातून आम्ही तलावाच्या पाळीवर गेलो. उंच मातीची पाळ, खाली पाणी. पाळीवर पहाटेचे वाघाचे ठसे होते. गुरुजींनी ते पाहिले आणि थबकले. मी कधी नव्हे ती प्रार्थना केली की वाघ यायचाच असेल तर येऊ दे, पण आधी हा रुमाल सुटू दे.

वाघ आला नाही. गुरुजींनी मागे वळून पाहिलं.

इंदुताई कॉटेजच्या बाहेर आल्या होत्या, अनवाणी. "अहो, कुठी आहा?" त्या हाक मारत होत्या, पण वारा उलटा होता. गुरुजींनी उत्तर दिलं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. त्यांच्या पुढून एक म्हैस चालली होती, गळ्यात घुंगरांचा पट्टा. छुनछुन, छुनछुन. इंदुताईंचा चेहरा एकदम निवला. त्यांना वाटलं, मीच वाजते आहे. हात पुढे करून त्या म्हशीच्या घुंगरांमागे चालू लागल्या.

आणि म्हैस पाण्याकडे निघाली होती.

"इंदू, थांब!" गुरुजी ओरडले. म्हैस पाण्यात उतरली. इंदुताईंचा पाय चिखलात पडला, तरी त्या थांबल्या नाहीत. शिंगाड्याच्या वेलांच्या पलीकडे काठ एकदम खोल होता. गुरुजी पाळीवरून उतरायला गेले, गुडघा दुमडला आणि ते खाली बसले. तिथेच बसून त्यांनी रुमाल ओढायला सुरुवात केली. दातांनी ओढला, नखांनी ओढला. ओढतील तशी गाठ आवळत गेली. पाणी इंदुताईंच्या पोटऱ्यांपर्यंत आलं, मग गुडघ्यांपर्यंत. मित्रांनो, मी आयुष्यात इतकी भ्याले नव्हते. माझ्यात आवाज होता आणि तो मला काढता येत नव्हता.

मग गुरुजी अचानक थांबले. चाळीस वर्षं त्यांनी इंदुताईंना ती गाठ सोडताना पाहिलं होतं. त्यांनी ओढणं सोडलं आणि रुमालाचं टोक उलटं आत ढकललं. गाठ सैल पडली. रुमाल गळून पडला.

मला हलवायची गरजच पडली नाही. त्यांचा हात थरथरत होता. मी वाजले, वाघासमोर वाजले होते त्याहून जोरात, न थांबता. गुरुजींची हाक वाऱ्यात विरली होती, पण घुंगरांचा टोकदार आवाज वारा कापत गेला. इंदुताई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. डोकं एका बाजूला कलतं करून त्यांनी एक आवाज ऐकला, मग दुसरा. लालसूच्या बैलाची घुंगरं त्यांना ओळखता आली. त्या वळल्या. एक पाऊल, थांबून ऐकणं, मग दुसरं पाऊल. अशा त्या माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी आधी मला धरलं, मग गुरुजींना. दोघंही रडत होते. ते चिखलात तसेच बसून राहिले.

ओरडा ऐकून रीता मॅडम धावत आल्या. त्यांच्या मागून पांढऱ्या लुगड्यातल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्याच रुखमाबाई. त्यांनी आपली शाल इंदुताईंच्या अंगावर टाकली.

"तक्रार मीच केली होती, बाई," त्या म्हणाल्या. "माझे मालक जाऊन तीन वर्सं झाले. घुंगरू वाजलं का कोनी घरी आल्यासारखं वाटे. अन येत तर कोनी नाई. म्हणून नको वाटे." मग त्यांनी मला हळूच हलवून पाहिलं. "आता वाजू द्या. सकाळी सातपर्यंत हे वाजलं नाई, तर मी तुमच्या दाराशी येईन."

इंदुताईंनी विचारलं, "अन तुमची चाहूल मले कशी लागन?"

"खलबत्त्याची. दात नाईत, पान कुटूनच खावं लागते."

"नियमाचं मी पाहून घेईन," रीता मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी प्रणितचा फोन आला. गुरुजी बोलणार होते, पण इंदुताईंनी फोन मागून घेतला. "हो म्हणून राह्यले आम्ही," त्या म्हणाल्या. "घर पाहून नाई. बाजूची बाई पाहून."

आता आम्ही तिथेच राहतो. रोज सकाळी सातला गुरुजी मला दोनदा वाजवतात आणि भिंतीपलीकडून खलबत्त्याची कुटकुट येते. इंदुताई दोन्ही ऐकतात आणि मगच गुरुजींना चहा ठेवायला सांगतात.

माझी भीती गेली असेल असं तुम्हाला वाटेल. ती गेलेली नाही. सातच्या आधीची ती पाच मिनिटं मला रोज कठीण जातात. एक दिवस यातला एक आवाज येणार नाही, हे मला माहीत आहे. त्या दिवशी कोणीतरी उठून जावं, एवढंच मागणं आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात, तुमच्याही गल्लीत कोणा म्हाताऱ्या माणसाचा एखादा आवाज असेल. खोकल्याचा, चपलांचा, सकाळच्या रेडिओचा. त्याचा कंटाळा करू नका, त्याच्यावर रुमाल बांधू नका. आणि एखाद्या सकाळी तो आला नाही, तर जाऊन दार वाजवा. मला स्वतःहून चालता येत नाही. तुम्हाला येतं.