भिंगरीचं नको
आमच्या दादाला जगातली कुठलीही गोष्ट परीक्षाच वाटते. क्लासेस चालवतो ना. हॉटेलात गेला तरी मेनूकार्ड प्रश्नपत्रिकेसारखं वरपासून खालपर्यंत वाचणार. आणि पोर अशी झाली की तिला कुठल्याच पेपरला बसवता येईना. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, हातपाय ताठ. पोटात असताना फार फिरायची म्हणून मीच, तिच्या आत्याने, तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली होती. नाव तेच राहिलं. देवाला विनोद कळतो, वेळ कळत नाही.

शाळेत जायच्या वयाला भिंगरी बोलायला शिकली. माझ्या मते बोलायलाच. हो असेल तर डोळे वर, नको असेल तर जीभ टाळूला लावून ‘टक्’. हे मी शिकवलं, माझ्या पार्लरमध्ये, गिऱ्हाईक नसताना. लाल रिबन? टक्. निळी? डोळे वर. तेव्हापासून कार्टीने घर डोक्यावर घेतलं. दुधाला टक्. पाहुण्यांच्या पाप्यांना टक्. बापाने पाढ्यांची कॅसेट लावली की टक् टक् टक्. मी हसून हसून बेजार. जागचं हलता येत नाही, पण अख्ख्या घराला नाही म्हणते म्हणजे काय!

सेंटरमध्ये मात्र या टक्‌ला किंमत नव्हती. अशा मुलांच्या त्या सेंटरमध्ये वर्षातून एकदा मोजणी व्हायची. मुलाला उभ्या फळीला पट्ट्यांनी बांधायचं आणि न कुरकुरता किती वेळ उभं राहतं ते बघायचं. समोर बघून हसलं तर ‘सहकार्य’ म्हणून वेगळे गुण. गुण वाढले तर जागा टिकणार, नाही तर रांगेतलं दुसरं पोर आत आणि आपलं बाहेर. आम्हाला ती जागा हवीच होती, कारण तिथे कोमट पाण्याचा हौद होता. त्यात सोडलं की भिंगरीचं अंग सैल व्हायचं आणि रात्री झोप लागायची. एरवी ती विव्हळत राहायची आणि वहिनीच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही.

त्या वर्षी गुण घसरले. फळीला बांधलं की टक्. व्यायामवाल्या बाईंनी दादाला समजावलं की ताकद आहे, पण मुलगी हट्टी झालीये. उन्हाळा संपला की परत मोजू, ती शेवटची संधी. मी म्हटलं, अहो, नको म्हणतेय तर का नको ते तरी बघा. त्या म्हणाल्या, ते आमच्या मोजणीत येत नाही. वाईट नव्हत्या हो बाई. अगदी गोड आवाजात म्हणाल्या.

झालं. मार्क कुठे जातात ते शोधायचं आणि तिथेच मेहनत घ्यायची, हे दादा क्लासातल्या पोरांना सांगतो, तेच त्याने घरी लावलं. सुताराकडून तश्शी फळी करून घेतली. नियम असा, की टक् केलं की कुणी बघायचं नाही, मान फिरवायची. हसली की टाळ्या आणि बोटावर मध. आजार रेड्याला, औषध पखालीला! मी कडाकडा भांडले. म्हटलं, पोरीला एकच शब्द येतो, तोही काढून घेतोस?

“त्या शब्दापायी तिची जागा जाईल,” दादा म्हणाला. “मग रोज रात्री तिला घेऊन तू बसणार आहेस का?”

मी चपला घातल्या आणि पार्लर उघडायला गेले. वहिनी रडायची, पण मान फिरवायची. झोपेला महाग झालेली बाई, तिला काय बोलणार? सुरुवातीला भिंगरी टक् टक् करून घामाघूम व्हायची. मग आवाज कमी झाला. आणि एक दिवस फळीला बांधल्या बांधल्या ती हसली. ओठ ताणून, डोळे टक्क उघडे ठेवून. दादाने अख्ख्या इमारतीला गोड वाटलं.

मोजणीच्या दिवशी तिचे केस मी बांधले. लाल रिबन की निळी, विचारलं. ती नुसती हसली.

मोजणी झकास झाली. पूर्ण वेळ हसत उभी राहिली, सगळ्यांत जास्त गुण. टाळ्या संपल्यावर बाईंनी तिला हौदात नेण्यासाठी कपडे काढले, तर एक पाय आखूड दिसला. एक्स-रे काढला. खुब्याचं हाड खोबणीतून पार बाहेर आलेलं. हाडाचे डॉक्टर म्हणाले की हे आजचं नाही, कित्येक महिने सरकत आलंय, आणि असल्या पायावर उभं केलं तर मोठा माणूससुद्धा किंचाळेल. पोरीने काहीच कसं सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं.

“सांगत होती,” मी म्हटलं. “त्याचेच मार्क कापले जात होते.”

जागा टिकली. पण ऑपरेशन होईपर्यंत पाण्यात उतरवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि ऑपरेशननंतरही दुखायचं थांबेल याची खात्री ते देत नाहीत.

दादा हल्ली क्लास सोडून तिच्या खाटेशी बसून असतो. कूस बदलताना पायाला धक्का लागला की तिचं अंग ताठ होतं, कपाळावर घाम फुटतो. तो वाकून अगदी काकुळतीला येऊन म्हणतो, “दुखतंय का गं? एकदा टक् कर ना. बाबा बघतोय.”

भिंगरी त्याच्याकडे बघून हसते. आणि मधासाठी तोंड उघडते.