किलोमागे एक मूठ

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघून घ्या. खाली पत्र्याचा चौकोनी पाट, मागे एक उभी दांडी आणि दांडीच्या टोकाला लाल आकडे दाखवणारी छोटीशी पेटी. मी वजनकाटा. माझं वय सतरा वर्षं. माझा एक पाय कधीच गेला, त्या जागी रबराचं बूच लावलं आहे. पण वजनाच्या बाबतीत मी आजही कोणाचं ऐकून घेत नाही. पाच ग्रॅम इकडचे तिकडे झालेले मला खपत नाहीत. कोणी मला खडूस म्हणतं. म्हणू दे बापडं.

माझी पहिली नोकरी भिवंडीत, एका यंत्रमागाच्या कारखान्यात होती. दिवसभर माझ्यावर सुताची बाचकी चढायची आणि उतरायची. कानठळ्या बसवणारा खडखडाट, हवेत सगळीकडे कापसाची कुसं, आणि शिफ्ट बदलताना चहाची किटली. तिथले कारागीर भांडण झालं की माझ्याकडे यायचे. "काटा झूठ नहीं बोलेगा भाई," असं म्हणायचे आणि भांडण तिथेच मिटायचं. तेव्हा माझी मान ताठ व्हायची. दरवर्षी वजनमापे खात्याचे साहेब येऊन मला तपासून शिक्का मारून जायचे, आणि एकाही वर्षी त्यांना माझ्यात खोट सापडली नाही. हे मी फुशारकी म्हणून नाही सांगत. म्हणजे, थोडी फुशारकी आहेच.

मग लूम बंद पडले. मालकाने यंत्रं भंगारात काढली आणि त्यांच्याबरोबर मलाही. भंगारवाल्याच्या दारात मी आठ महिने उलटा पडून होतो. माझ्या पाटावर तो चहाचे ग्लास ठेवायचा. ज्याच्यावर लोकांचा विश्वास होता त्याच्यावर ग्लास! तिथून मला नऊशे रुपयांना काल्हेरच्या कमळाआजीने उचललं. तिच्या नातीने, क्षितिजाने, दात घासायच्या जुन्या ब्रशने माझ्या पोटातली कापसाची कुसं काढली, नवी बॅटरी घातली, आणि मला शिक्का मारून आणला. माझे आकडे पुन्हा लाल पेटले तेव्हा आजीने मला हळदकुंकू लावलं. मित्रांनो, कारखान्यात मला कोणी हळदकुंकू लावलं नव्हतं.

आजीचं घर काल्हेरला गोदामांच्या मागच्या आळीत आहे. घरात दोघीच, आजी आणि क्षितिजा. जमीन होती ती गोदामांत गेली, पैसे भावकीत वाटले गेले, आणि आजीच्या हातात उरला तो तिचा मसाला. आगरी मसाला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, गरम मसाला भाजायचा आणि डंक्यावर कुटून आणायचा. कुटलेला मसाला घरात आला की समोरच्या गोदामातले हमालसुद्धा शिंकायचे. क्षितिजा कॉलेजात शिकत होती. तिने मोबाइलवरच्या एका विक्रीच्या साइटवर आजीच्या नावाचं दुकान उघडलं. लोक घरबसल्या पैसे भरायचे, ती पत्ता छापायची आणि कुरिअरचा माणूस खोका घेऊन जायचा. बघता बघता आजीचा मसाला नागपूरला गेला, सुरतेला गेला, बंगळुरूला गेला. क्षितिजाची फी त्यातूनच जायची, घरात गॅसही त्यातूनच यायचा.

काम कसं चालायचं तेही सांगतो. पिशवी माझ्यावर ठेवायची, मसाला भरायचा, आकडा लागला की क्षितिजा ऑर्डरच्या नंबराची चिठ्ठी शेजारी धरून फोटो काढायची. मग ती पत्ता छापायला आत जायची आणि आजी पिशवी शिवून खोक्यात बंद करायची. बंद खोका माझ्यावर पुन्हा ठेवायचा नाही, असा आजीचा दंडक होता. एकदा मोजलं ते मोजलं, परत मोजणं म्हणजे आपल्याच हातावर संशय, असं ती म्हणायची.

पण त्या दोन मिनिटांत आजी आणखी एक गोष्ट करायची, आणि तिच्यावर माझा भारी राग होता. पिशवी शिवण्याआधी ती डब्यात हात घालायची आणि मूठभर मसाला वरून घालायची. किलोमागे एक मूठ. दोन किलो असला तर दोन, पाच असला तर पाच. माझा आकडा लागून गेल्यावर! अहो, मग मी तिथे कशाला बसलो होतो? आजीची आई खाडीकाठच्या मिठागरावर पायलीने मीठ मापायची. पायली भरली की वर एक मूठ द्यायची, आणि ती मूठ कधी पायलीत धरायची नाही. मापात धरली तर ती विकल्यासारखी होते, असं आजी विनिताला सांगत होती तेव्हा मी ऐकलं. विनिता म्हणजे शेजारची सून, आजीची नेहमीची गिऱ्हाईक. क्षितिजाला मात्र आजीने हे कधी सांगितलं नाही. दिलेलं बोलून दाखवायचं नसतं, असं तिचं मत.

कुरिअरवाले अधूनमधून जादा वजनाचे पैसे लावायचे. क्षितिजा त्यांच्या नावाने बोटं मोडायची. चोर आहेत, गरिबाला लुटतात, असं काय काय बोलायची. मी सगळं जाणून होतो. एक दिवस कोणीतरी या बाईला त्या मुठीचा जाब विचारावा, असं मला मनापासून वाटायचं. मित्रांनो, मला तसं वाटायला नको होतं.

आता तक्रारींचं सांगतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे भरले असले आणि माल बरोबर आला नाही अशी तक्रार त्याने बँकेकडे केली, तर ते पैसे आधी अडकतात. मग विकणाऱ्याला सात दिवसांत पुरावा द्यावा लागतो. बिल, वजनाचा फोटो, कुरिअरची पावती, माल पोचल्याची नोंद. दिला नाही तर पैसे गेले. त्या वर्षी क्षितिजाच्या दोन तक्रारी अशाच हातच्या गेल्या. पहिलीची मेल नको त्या डब्यात जाऊन पडली आणि तिने पाहिलीच नाही. दुसरीच्या वेळी परीक्षा होती, उत्तर नवव्या दिवशी गेलं. साइटचा नियम असा की वर्षात तीन तक्रारी विरुद्ध गेल्या की दुकान कायमचं बंद. म्हणजे एकच शिल्लक होती.

ती तिसरी इंदूरहून आली. लग्नाचं जेवण करणाऱ्या एका माणसाने पंधरा किलो मसाला मागवला होता. साडेतेरा हजारांची ऑर्डर, आजीच्या दुकानातली सगळ्यात मोठी. माल पोचून चार दिवस झाले आणि त्याने बँकेला कळवलं की खोक्यात मसाला नव्हता, लाल माती होती. सोबत एका उघड्या पिशवीचा फोटो. ती पिशवी आजीची होती की नव्हती, त्या फोटोवरून कोणालाच सांगता आलं नसतं. वाटेत काय झालं, त्याच्या घरी काय झालं, मला माहीत नाही. माझ्यासमोर झालं तेवढंच मी सांगतो. माझ्यावरून गेला तो मसालाच होता.

क्षितिजाने त्याला सहा वेळा फोन केला. पाच वेळा त्याने तोडला. सहाव्या वेळी म्हणाला, "जो बोलना है, बँक को बोलो," आणि पुन्हा उचलला नाही.

आजीला पैशांचं इतकं वाटलं नाही. माती हा शब्द तिला लागला. दोन दिवस ती जेवायला बसायची आणि दोन घास खाऊन उठायची. आमच्या घरातून माती गेली असं कोण म्हणतं, त्याला इथे आणा, असं ती विनिताला म्हणायची. क्षितिजाने मात्र या वेळी कंबर कसली. तिसऱ्याच दिवशी तिने सगळे पुरावे लावून पाठवले. त्यात माझा फोटो होता, पंधरा किलो शून्य ग्रॅम, शेजारी ऑर्डरचा नंबर. मी मनातल्या मनात खूश होतो. आता कळेल त्यांना कोणाशी गाठ आहे, असं मला वाटलं.

आठवड्याने बँकेचा उलट प्रश्न आला. फोटोत पंधरा किलो, रिकामा खोका अर्धा किलो. मग कुरिअरच्या पावतीवर सोळा किलो दोनशे ग्रॅम कसे? हे सातशे ग्रॅम कुठून आले? फोटोतला माल आणि पाठवलेलं पार्सल एकच आहे हे कशावरून? खुलाशासाठी तीन दिवस दिले होते.

क्षितिजाने माझ्यावर दोन किलोंचं वजन ठेवलं. मी दोन किलो दाखवले. पाचाचं ठेवलं, पाच दाखवले. मग ती आजीकडे वळली.

"आजी, मी आत गेल्यावर तू पिशवीत काही घालतेस का?"

"घालतं ना. किलोमागं एक मूठ." आजी मिरच्यांची देठं काढत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही. "पंधरा किलोला पंधरा घातल्या."

क्षितिजाने कपाळाला हात लावला. मग तिने आजीला एकेक करून सगळं समजावलं. फोटो, पावती, सातशे ग्रॅम, तिसरी तक्रार, दुकान. आजीने ऐकून घेतलं. क्षितिजा म्हणाली की अजून मार्ग आहे, आपण लिहू की त्या दिवशी खोका जाड फळीचा होता, त्याचंच वजन जास्त भरलं. कोण बघायला येणार आहे? मला तर ते पटलं होतं. मी, ज्याला पाच ग्रॅमचं खोटं चालत नाही, मीसुद्धा मनात म्हणत होतो की लिही, पोरी, लिहून टाक.

आजी म्हणाली, "खोटं लिवून आपण खरं ठरनार काय? मूठ घातली ती घातली म्हनून लिव. दिलंय, चोरलं न्हाय."

क्षितिजा रडली, चिडली, पण शेवटी तिने तसंच लिहिलं. आमच्याकडे वजन झाल्यावर वरून थोडा माल देण्याची पद्धत आहे, तो फुकट असतो, माझी आजी हे आयुष्यभर करत आली आहे. पाठवण्याआधी तिने ते आजीला दोनदा वाचून दाखवलं. आजीला ते आवडलं. आता समजेल त्यांना, असं म्हणून तिने त्या दिवशी पोटभर जेवण केलं.

निकाल शुक्रवारी दुपारी आला. इंग्रजीत होता. क्षितिजा मराठी करून वाचत गेली. "वजन झाल्यानंतर पिशवीत आणखी पदार्थ घातल्याचं विक्रेत्याने स्वतः कबूल केलं आहे. त्यामुळे वजनाचा फोटो पुरावा म्हणून धरता येत नाही. पैसे ग्राहकाला परत करण्यात येत आहेत." त्याखाली साइटने दुकान बंद केल्याची सूचना होती.

आजीने ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "आनखी पदार्थ म्हंजी काय गो?"

"तुझी मूठ, आजी."

आजी उठली, पदराने हात पुसले आणि मसाल्याच्या डब्यांची झाकणं एकेक करून घट्ट लावत बसली. मला त्या वेळी आकडे विझवून टाकावेसे वाटले. मुठीचा जाब कोणीतरी विचारावा अशी माझी इच्छा होती ना? विचारला. माझाच फोटो पुढे करून विचारला.

डब्यांत अजून चाळीस किलो मसाला पडून आहे. क्षितिजा आता सकाळी कॉलेज करून दुपारची समोरच्याच एका गोदामात जाते. लोकांच्या खोक्यांवर लोकांचे पत्ते चिकटवते. माझ्यावर दिवसदिवस कोणी काही ठेवत नाही.

मित्रांनो, तुम्हीही मोबाइलवरून वस्तू मागवता. तुमचं मागवलेलं पार्सल दारात आलं की फोडण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा. काही चुकलं असेल तर तक्रारीचं बटण दाबण्याआधी विकणाऱ्याला एक फोन करा, आणि कोणी तुम्हाला फोन केला तर तो उचला. त्या बाजूला बसलेल्या माणसाचा संसार त्या बटणावर असू शकतो. आणि जे विकतात त्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे. बंद केलेला खोका पुन्हा एकदा काट्यावर ठेवा. त्यात तुमच्या हाताचा अपमान नाही. आम्ही काटे तुमच्या मायेचं वजन करू शकत नाही, पण निदान ती खोक्यात होती एवढं तरी सांगू शकतो.

परवा विनिता तिचा स्टीलचा डबा घेऊन आली. एक किलो दे, मावशी, म्हणाली. आजीने डबा माझ्यावर ठेवला, आकडा शून्यावर आणला, मसाला भरला. एक किलो शून्य ग्रॅम. मग सवयीने तिचा हात मोठ्या डब्यात गेला आणि मूठ भरून वर आला. विनिताने आपला डबा पुढे सरकवला. आजीने एकदा माझ्या आकड्याकडे पाहिलं, आणि मूठ परत मोठ्या डब्यातच सोडून दिली.

"मावशी, मूठ ऱ्हायली ना."

"न्हाय गो. काट्यावर हाय तेवराच."

विनिता डबा घेऊन गेली. आजीने हात झटकला आणि ती आत निघून गेली. मित्रांनो, ते वजन अगदी बरोबर होतं. बरोबर वजन दाखवल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.