गोळी कशाबरोबर घेता?

या, अशा जवळ सरका, भिंतीला टेकून बसा. देवाने एका इस्त्रीवालीची ओंजळ कशी भरली, ते सांगते. उठाल तेव्हा मन हलकं झालेलं असेल.

इस्त्रीवालीचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक इस्त्री आणि घड्यांचा डोंगर. दिवसभर ती उभी. तिची पहिली लेक पावणेदोन किलोची झाली, काचेच्या पेटीत तीन आठवडे झुंजली आणि गेली. तिच्यासाठी शिवलेलं झबलं एकदाही अंगाला लागलं नाही. ते टेबलाच्या खणात घडी होऊन पडलं होतं.

आता पुन्हा दिवस गेले होते, पाचवा महिना होता. दवाखान्यातल्या नर्सने रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ भरलं; हवं होतं अकरा. पुढच्या महिन्यातही आठच. लोहाच्या गोळ्या घेते का, तर घेते. सासू साक्षीला उभीच होती. माझ्या डोळ्यांदेखत गिळते म्हणाली. दोघी दारापर्यंत गेल्या आणि नर्सने त्यांना परत बोलावलं.

"गोळी कशाबरोबर घेता?"

सासूची मान ताठ झाली. "नुसत्या पाण्याबरोबर तोंड कडू होतं पोरीचं. माझ्या हातचा कडक चहा देते. एक दिवस चुकवला नाही."

"आजी," नर्स हसली, "एका हाताने देताय आणि दुसऱ्या हाताने काढून घेताय. चहा त्या गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही."

मग तिने जेवण, विश्रांती, घरातला विडीचा धूर, असं बाकीचंही विचारून घेतलं. 'पोट बेताचं भर, मूल बारीक राहील, सुटका सोपी होईल' हे सासूचं पालुपद तिथेच निकालात निघालं. बारीक मुलाचं काय होतं ते या घराला वेगळं सांगायला नको होतं.

वाटेत सासू झपाझप पुढे चालत राहिली. आता खापर आपल्यावर फुटणार, असं इस्त्रीवालीला वाटलं. घरी येताच सासूने लिंबू चिरलं, पाण्यात पिळलं आणि गोळी पुढे केली. "आजपासून चहा न् गोळीचं भांडण. दोघांना एका खोलीत बसवायचं नाही."

नवऱ्याची विडी त्याच दिवशी दाराबाहेर गेली. दुकानात स्टूल आलं. सून बसून घड्या घाली, जेवून दुपारी आडवी होई आणि इस्त्री सासूच्या हातात. कॉलरी वाकड्या निघू लागल्या. गिऱ्हाईक कुरकुरलं की सासू विचारी, कॉलर सरळ हवी की माझं नातवंड? रक्त नऊ झालं, दहा झालं, नवव्या महिन्यात अकरावर गेलं.

आणि एका लख्ख सकाळी नर्सने मुलीला काट्यावर ठेवलं. इस्त्रीवालीने डोळे मिटले. अडीचच्या पुढे जाऊ दे देवा, एवढंच मागणं.

"तीन किलो पन्नास ग्रॅम."

"काटा चुकत असेल," सासू म्हणाली. "पुन्हा ठेवा."

पुन्हा ठेवली, तर पोरीने दवाखाना दणाणून सोडला. काटा तीन पन्नासवरच होता.

खणातलं झबलं कडक इस्त्री होऊन आलं होतं. त्याचे बंद जेमतेम बांधले गेले. घट्ट होतंय, अशी सासूची तक्रार सुरू झाली आणि इस्त्रीवाली डोळे पुसत पुसत हसत सुटली. असली गोड तक्रार तिने जन्मात ऐकली नव्हती.

उद्या तुमच्या घरातली कुणी 'गोळी घेते' म्हणाली, तर दारातून परत बोलावणाऱ्या त्या नर्सबाईची आठवण ठेवा, आणि आणखी एक प्रश्न विचारा.