हात घालून बघ

मी एक जुना निळा ड्रम आहे. आगाशीच्या एका वाडीत, विहिरीच्या कडेला गेली अठरा वर्षं उभा आहे. मित्रांनो, माझ्या पोटात खताचं पाणी मुरतं. नाकं मुरडू नका! तुम्ही चाटूनपुसून खाता ती सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, याच पाण्यावर पोसलेल्या राजेळी केळ्यांची असतात.

पूर्वी इथे राजेळीच राजेळी होती. आता भोवती इमारती उभ्या राहिल्या आणि राजेळीची चारच बेटं उरली. ती वाडीच्या मालकीण फ्लॉसीबाईंनी जपली. कोंबडीखत त्या सहा महिने ढिगात कुजू देत. मग कोपरापर्यंत हात खुपसून बघत. गार लागलं तरच गोणपाटात बांधून माझ्या पाण्यात सोडत, सकाळ-संध्याकाळ बांबूने ढवळत आणि कोऱ्या चहाइतकं पातळ करून झाडांना घालत. "हाताला भाजते ते मुळाला कसं सोसेल?" असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारत. ती थाप आठवली की अजून भरून येतं.

या पावसाळ्यात त्या विहिरीपाशी घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. आता त्या माणिकपूरला लेकीकडे, स्टेफीकडे अंथरुणावर आहेत आणि वाडी मुलाच्या, मेलरॉयच्या हाती आली आहे. पोरगा प्रेमळ, पण उतावळा. आगेऱ्याला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, आईच्या हातून राजेळीचा घड चर्चच्या वेदीपुढे जावा एवढाच त्याचा हट्ट. घड काही भरेना. मग त्याने पोल्ट्रीतून ताज्या खताच्या दोन गोण्या आणल्या.

"मेलरॉय, हात घालून बगितलास? गार हाय ना?" फोनवर आईने विचारलं.

"हो गं आई, सगळं सेट आहे. टेन्शन नको घेऊ."

त्याचा हात खिशात होता.

दोन्ही गोण्या त्याने माझ्यात रिकाम्या केल्या. शेजारच्या इमारतीतून वासाची तक्रार आली, तेव्हा झाकण घट्ट आवळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मी आतून फुगत गेलो. चौथ्या दिवशी झाकण काढलं तर वाफ फसकन त्याच्या डोळ्यांत गेली. डोळे चोळत तो हसला. "एकदम पॉवरफुल," म्हणाला आणि ते काळं पाणी तसंच्या तसं बुंध्यांशी ओतलं.

तीन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. त्याला वाटलं, झाडं उपाशी आहेत. त्याने आणखी पाजलं. आता तीन बेटं माना टाकून पडली आहेत, चौथ्याचा पोगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानाची सुरळी, पिवळा पडलाय. मी सगळं बघतो. ते पाणी माझ्याच पोटातून गेलं, याची मला लाज वाटते.

माझ्या मागे मात्र राजेळीचं एक कोवळं पिल्लू, नुकतं फुटलेलं रोप, हिरवंगार आहे. तिकडे पाणी पोचलंच नव्हतं. आज सकाळी मेलरॉयने ते पाहिलं, पुढ्यात बसून कुरवाळलं. मग फोनवर म्हणाला, "आई, एक जगलंय. रविवारी तुला खुर्चीत बसवून आणतो, बघ कसं वाढवतो." फाटकाशी टेम्पो थांबला आहे. नवी गोणी उतरते आहे, तिच्यातून वाफ निघते आहे.

मित्रांनो, मला हात नाहीत आणि वाचाही नाही. तुमच्यापैकी कोणी वाडीजवळ असाल तर धावत या. त्याला एवढंच सांगा: आधी हात घालून बघ.