मैनाचे पाय

कामठ्याच्या हेमेंद्रला कुणीतरी मनालीचे फोटो दाखवले असावेत. स्वतःच्या राईस मिलशेजारी त्याने लग्नाचा लॉन काढला, दारापासून मंडपापर्यंत पांढऱ्या गुळगुळीत टाइल्स बसवल्या आणि जानेवारीच्या थंडीत त्यांवर मशीनने साबणाचा फेस उडवून त्याला बर्फ म्हणायला लागला. लोकही म्हणत होते. लोकांचं काय, ते काहीही म्हणतात.

त्या बर्फावरून माझी घोडी मैना जाणार होती. पायात लोखंडी नाल, पाठीवर नवरदेव. मैना घसरून पाय मोडला तर तो जुळत नाही, डॉक्टर मरणाची सुई देऊन मोकळा होतो. तीस वर्षं वराती केल्यावर एवढं मला कळतं. लॉनवाल्याला कळायचं काही कारण नाही.

"शेठ, मिलची राखड टाका दोन पोते," मी म्हणालो. "राखडीत खूर धरते."

"पागल झाला का दुलीचंद? टाइल्स काळ्या होतीन ना."

मग त्याने डोकं चालवलं, तेच वाईट झालं. राखडीऐवजी त्याने फेसावर कनकी पसरायला लावली. पांढऱ्यावर पांढरा तुटका तांदूळ, शोभून दिसतो म्हणे! दाणे पायाखाली घरंगळत होते. पसरणारा नोकरच दोनदा आपटला, तरी शेठ खूश.

मी नवरदेवाला दारातच उतरवलं आणि लगाम धरून उभा राहिलो.

"तुह्यासारखे लय पडले हायेत," हेमेंद्र म्हणाला. "ईश्वरदासले बोलावतो."

दवनीवाड्याचा घोडीवाला ईश्वरदास, त्याच्याशी दहा वर्षं माझं बोलणं नाही. त्याला नाल ठोकता येत नाही, हे मी चारचौघांत सांगत आलोय. आता तो वरात नेणार आणि दुलीचंद भ्याला म्हणून तालुका हसणार. हेमेंद्रने त्याला फोन लावला आणि मुद्दाम स्पीकर चालू केला.

"खाली काय हाये?" ईश्वरदासने पहिलं हेच विचारलं.

"टाइल्स. वरून थोडा फेस."

"दुलीचंद काय म्हणून राहिला?"

"नाही म्हणते."

"मंग मी कायले हो म्हणू?" फोन कटला.

नवरदेव दोन मामांचे खांदे धरून, पाय फाकवत मंडपात गेला. मी मैनाला कोरड्या रस्त्याला लावलं. ईश्वरदासला फोन करावासा वाटत होता, पण त्याचा नंबर मी रागाने कधीच पुसून टाकला होता.