अननसाचे शॉट आणि सासूबाईंची उचकी

सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. कारण गल्लीला ते सासूबाईंनीच सांगितलं होतं.

एखादं गुपित पोटात ठेवायची पाळी आलीच, तर त्यांना उचकी लागायची. साधीसुधी नव्हे. स्वतःच्या लेकीच्या होणाऱ्या नवऱ्याचे केस विकतचे आहेत, हे त्यांनी एकदा दोन दिवस लपवलं. खोटं वाटेल, पण उचकीच्या दणक्यानं कपाटातल्या बशा चालत चालत काठापर्यंत आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी जेवताना दोन घोट वाइन पोटात गेली आणि केस ओठावर आले. उचकी थांबली. लग्नही थांबलं.

आणि आता कालपासून त्यांना पुन्हा उचकी लागली होती.

"हुक्!"

ओट्यावरचे सात इवलेसे ग्लास किणकिणले. सुनेच्या हातातली सुरी अननसात तशीच थबकली.

गुपित कुठलं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. चार महिन्यांपूर्वी त्याचा जोडीदार लंबू लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला, वरून लिफ्ट आली आणि त्याचा पाय चेचला. मेन स्विच बंद करायला मीच विसरलो, असं लंबू तेव्हापासून ज्याला त्याला सांगत होता. काल दुपारी चहा पिता पिता नवरा बायकोला हळूच म्हणाला, "तो विसरला नव्हता गं. बंद होता स्विच. मी फोनवर बोलत होतो, माझा हात लागून चालू झाला." पलीकडच्या खोलीत सासूबाई वाटाणे सोलत होत्या. टपटप पडणारे वाटाणे थांबले, आणि पहिली उचकी ऐकू आली.

आजची पार्टी लंबूचीच होती. त्याच्या कुबड्या सुटल्या होत्या.

सुनेनं अननसाच्या चकत्या साखर भुरभुरून तव्यावर लालसर भाजल्या, ठेचल्या, फडक्यातून पिळल्या. नवऱ्यानं कागदावर लिहून दिलं होतं: दोन वाट्या रस, एक वाटी व्हिस्की, लिंबू, थोडा पाक. खाली मोठ्या अक्षरांत: चव बघ. ती बिचारी आयुष्यात कधी दारूच्या वाटेला गेली नव्हती. पण चव बघितल्याशिवाय तिनं कधी वरणही वाढलं नव्हतं. चमचाभर तोंडात घातलं. घसा पेटला. रस वाढवला, परत चमचा. आता गुळमट. लिंबू पिळलं, परत चमचा. मग व्हिस्की मागे पडल्यासारखी वाटली.

"मला जरा सढळ हातानं घाल हं." सासूबाई दारात उभ्या. "खोकला आहे."

"खोकला कुठाय? उचकी आहे."

"सख्ख्या बहिणीच त्या. हुक्!"

सुनेनं आवाज खाली आणला. "आई, आजचा दिवस तेवढं पोटात ठेवा. त्याला कळलं तर पंधरा वर्षांची दोस्ती तुटेल. यांची नोकरी जाईल ती वेगळीच."

"ठेवतेच आहे की! तेच मेलं आतून धडका मारतंय." सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. चेहरा राखेसारखा झाला होता. "पण काळजी करू नकोस. माझ्या तोंडून जायचं नाही."

त्या शब्दावर विसंबायला सून काही दुधखुळी नव्हती. तिनं सहा ग्लास मिश्रणानं भरले आणि त्यांत अननसाचा एकेक तुकडा टाकला. सातव्यात नुसता रस. खूण म्हणून डाळिंबाचे दोन दाणे.

"आईचा कुठला?" नवरा आत येऊन कुजबुजला.

"दाण्यांचा."

"नक्की?"

खात्री करायला तिनं पुन्हा चमचा भरला. आधी रसाचा, मग फरक कळावा म्हणून मिश्रणाचा. मग पुन्हा एकदा, कारण पहिल्यांदा नीट लक्षच दिलं नव्हतं. ओटा एका बाजूला जरा कलल्यासारखा वाटला. जुनी इमारत, खचत असेल.

एवढ्यात जिन्यातून आवाज आला. टक्... घस्स. टक्... घस्स. इमारतीला लिफ्ट होती. पण लंबू पायऱ्या चढून येत होता, चार मजले. खालून टक् आणि घस्स, आतून हुक्. मजल्यागणिक दोन्ही जवळ येत गेले, आणि दारात एकदमच वाजले.

लंबू आत आला. एकेकाळी दाराला डोकं आपटणारा माणूस, आता एका बाजूनं आखूड झालेला. मागे त्याची बायको, आणि कामावरचे तिघं. लंबूच्या हातात त्याची हत्यारांची पेटी होती.

नवऱ्यानं ट्रे फिरवला, दाण्यांचा ग्लास बरोबर आईसमोर आणून थांबवला. सासूबाईंनी तो उचलला, एका दमात रिकामा केला आणि सुनेकडे असं बघितलं, जणू त्यांना सगळं कळलंय.

"हुक्!"

"काकू, कोण आठवण काढतंय एवढी?" तिघांतला एक हसला.

"ज्याला बोलायचंय तो."

नवऱ्यानं घाईघाईनं ट्रे पुढे सरकवला. "तुम्ही नाही घेत, वहिनी?" लंबूच्या बायकोनं विचारलं.

"छे, मी शिवत पण नाही," सून म्हणाली. जीभ तिला जरा जाड वाटली.

लंबूनं ग्लास वर केला, पण प्यायला नाही. पेटी नवऱ्याच्या हातात दिली. "ही तुला. मी कामावर परत येत नाही. पंधरा वर्षांत एकदाच विसरलो, पण ज्या हाताला स्विच आठवत नाही, त्या हाताचा काय भरवसा?"

"रोज झोपेत उठून घरातले सगळे दिवे बंद करतात हे," त्याची बायको पुटपुटली.

"असू दे रे... असू दे," नवरा म्हणाला, आणि त्यानं पेटी घेतली.

सासूबाईंचं तोंड उघडलं. नवऱ्यानं श्वास रोखला.

"हुक्!"

एवढंच. त्यानं श्वास सोडला.

"स्विच तू बंद केला होतास."

आवाज मऊ होता, गोडसर. सगळ्यांनी चमकून सासूबाईंकडे पाहिलं. सुनेनंही पाहिलं. सासूबाईंनी तर दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं होतं, आणि त्यांचे डोळे सुनेवर खिळले होते.

"यांनी चालू केला. फोनवर बोलताना."

या वेळी सुनेला आपले ओठ हललेले जाणवले. जिभेवर भाजलेल्या अननसाची चव होती.

नवऱ्याच्या हातातली पेटी वाजायला लागली. आतले पाने एकमेकांवर आपटत होते. लंबूच्या बायकोनं खुर्ची धरली. लंबूनं भरलेला ग्लास अगदी सावकाश खाली ठेवला, आणि नवऱ्याच्या दिशेनं पाऊल टाकलं. टक्. मग दुसरं. घस्स. मग हात पुढे केला. पेटीसाठी की गळ्यासाठी, ते कुणालाच कळेना.

सगळे पुढच्या उचकीची वाट बघत राहिले.

ती काही आली नाही.